रेघ कोणाची? मुलांबरोबर रस्त्याकडेची भिंत रंगवताना

प्रश्न विचारणाऱ्या बाईंचं म्हणणं थोडक्यात असं: जिल्हा परिषदेची शाळा, पाचवी ते सातवीची 36 मुलं, रस्त्याच्या बाजूला 40 फूट लांब आणि 6 फूट उंच कंपाउंडची भिंत. स्ट्रीट आर्ट म्हणजे काय हे नुसते फोटो दाखवून सांगायचं नाही, सगळ्यांनी मिळून एक भित्तिचित्र करत करत शिकवायचं आहे. पण शाळेत कलाशिक्षक नाही, स्वतःला चित्र काढता येत नाही, आणि एवढी मुलं, रंग, भिंत म्हणजे नुसता राडा होईल अशी धास्ती वाटते. सुरुवात कुठून करावी?

मॅडम, राडा होणार. तो धरूनच चाला. तुम्हाला चित्र काढता येत नाही हे वाचून मात्र मला बरं वाटलं. थट्टा करत नाही. बावीस वर्षं मी चित्रकला शिकवली, मुलांबरोबर लहानमोठ्या पंधराएक भिंती रंगवल्या, आणि सुरुवातीच्या तीन-चार भिंतींची मी जी वाट लावली ती मला चित्र काढता येत होतं म्हणूनच.

दुसऱ्याच भिंतीची गोष्ट. सहावीतल्या एका पोरानं म्हैस काढली होती. पाच पायांची. मला वाटलं, चुकला. संध्याकाळी मुलं घरी गेली. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून साहेब येणार होते, म्हणून मी एक पाय पुसला, पोट जरा गोल केलं, शिंगांना वळण दिलं. सकाळी पोरगा आला, भिंतीपुढे उभा राहिला आणि शेजारच्याला म्हणाला, "ही सरांची म्हैस आहे." रागानं नाही, माहिती सांगावी तसं. मग मी विचारलं तेव्हा कळलं, की त्याची म्हैस पाय झाडून माशी हाकलत होती. तो पाय त्यानं दोनदा काढला होता, एकदा जमिनीवर आणि एकदा वर उचललेला. त्यानंतर त्यानं ब्रश धुवायचं काम मागून घेतलं आणि शेवटपर्यंत भिंतीला हात लावला नाही.

तेव्हा रंग कुठला, खर्च किती, विषय कोणता, हे सगळं नंतर. आधी एवढंच ठरवा, की भिंतीवरची रेघ कोणाची असणार. ते ठरलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आपल्याकडे शाळांच्या भिंती 'बोलक्या' करायची पद्धत आहे. पेंटर येतो, पाढे, इंग्रजी महिने, सूर्यमाला, झाडं लावा झाडं जगवा असं काढून जातो. त्याला माझी ना नाही, पाढ्यांचा उपयोगही होतो. पण त्या भिंतीतून शाळा मुलांशी बोलते. तुम्हाला जे करायचंय ते नेमकं उलटं आहे. मुलं रस्त्याशी बोलणार आहेत. गावातून जाणारा-येणारा, एसटीची वाट बघणारा, दूध घालायला निघालेला, असा प्रत्येक जण ते चित्र बघणार, त्याला विचारलं नसलं तरी बघणार. स्ट्रीट आर्टचं मर्म माझ्या मते एवढंच. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यात सुंदर भित्तिचित्रं आहेत, पण ती आतल्यांसाठी काढलेली, दारातून आत घेतील त्यानंच बघायची. रस्त्यावरच्या चित्राला दार नसतं. हा फरक सातवीच्या पोरांना एका वाक्यात कळतो, मी पाहिलंय.

रेघ कोणाची, याची तीन उत्तरं मुलांना दाखवण्यासारखी आहेत.

पहिलं कीथ हॅरिंग या अमेरिकन चित्रकाराचं. 1989 साली शिकागोत त्यानं सुमारे 500 शाळकरी मुलांना घेऊन एक लांबलचक चित्र केलं. जाड काळ्या रेघा त्यानं स्वतः काढल्या, आतले रंग आणि नक्षी मुलांनी भरली. काम भराभर झालं, दिसायला झकास, आणि पाहताक्षणी हॅरिंगचं वाटणारं. दुसरं लॉस एंजेलिसचं. तिथे पुराचं पाणी वाहून नेणाऱ्या काँक्रीटच्या कालव्याच्या भिंतीवर ज्युडी बाका या चित्रकर्तीनं 1976 पासून काही उन्हाळी सुट्ट्यांत 400 हून अधिक मुलामुलींकडून 2754 फूट लांबीचं चित्र करून घेतलं. त्यातली बरीच मुलं पोलिसांच्या लफड्यात सापडलेली, एकमेकांशी वैर असलेल्या वस्त्यांमधली. विषय होता कॅलिफोर्नियाचा इतिहास, म्हणजे आदिवासींचा, मेक्सिकनांचा, काळ्यांचा, आशियाई लोकांचा, पुस्तकात ज्यांना जागा मिळाली नव्हती अशांचा. रंगाला हात लावण्याआधी मुलांनी जाणत्या माणसांकडून त्या गोष्टी ऐकल्या.

तिसरं उत्तर आपल्याच घरचं आहे, वारली आदिवासींचं. पालघर जिल्ह्यात लग्नाच्या वेळी कुडाच्या, शेणामातीनं सारवलेल्या भिंतीवर सवासिनी तांदळाच्या पिठानं चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात, त्यात पालघाट देवी असते, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. अनेक हात एकाच चित्रावर, तरी ते एकसंध दिसतं. का? कारण सगळ्यांची बाराखडी एकच: गोल, त्रिकोण, चौकोन, रेघ. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांनी 1970 च्या दशकापासून तीच बाराखडी घेऊन रोजचं जगणं कागदावर आणलं. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले.

माझा कल या तिसऱ्याकडे, पण वारली चित्रं उतरवून काढू नका. प्रत्येक शाळेच्या, हॉटेलाच्या आणि सुलभ शौचालयाच्या भिंतीवर गोलात नाचणारी तीच माणसं बघून आता डोळे किटले. आणि चौक हा लग्नातला विधी आहे, त्याची महिरप करून कशाला वापरायची? घ्यायची ती युक्ती. तुमच्या 36 मुलांची एक बाराखडी ठरवा. आमच्या एका वर्गानं ठरवलं होतं, की माणसाचं डोकं म्हणजे कांदा, घर म्हणजे काडेपेटी, झाड म्हणजे उलटा झाडू. एवढ्यावर 40 फूट भिंत उभी राहिली आणि कोणाची रेघ थरथरली, कोणाची तुटली, काही फरक पडला नाही.

आता प्रत्यक्ष काम. शनिवारी दप्तराशिवाय मुलं येतात, तो वेळ घ्या. पाच-सहा शनिवार लागतील, त्यातले रंगाचे फक्त दोन किंवा तीन. तीन शनिवार झाले आणि रंग कुठाय असं मुख्याध्यापक विचारतील, तर समजा गाडी रुळावर आहे.

पहिल्या शनिवारी मुलांना गावातून फिरवा, हातात वही. भिंतींवर काय काय आहे ते सगळं टिपायचं, चांगलं-वाईट न ठरवता. सिमेंटची जाहिरात, बारशाच्या आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा, 'मुलगी शिकली प्रगती झाली', मागच्या निवडणुकीचं अर्धवट पुसलेलं चिन्ह, 'येथे लघवी करू नये' आणि त्याच्या खालचा ओला डाग, थुंकू नये म्हणून लावलेल्या देवांच्या फरशा, खडूनं लिहिलेलं 'अमुक प्लस तमुक', क्रिकेटचे तीन स्टंप. आणि गोवऱ्या. एका घराच्या उन्हातल्या भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या आमच्या मुलांनी यादीत घेतल्याच नव्हत्या. मी जवळ नेलं. प्रत्येक गोवरीवर चार बोटांचे ठसे, एकीवर बांगडी टेकल्याची खूण. रांगा इतक्या सरळ, की दोरी लावून थापल्यासारख्या. "हे कोणी केलं?" "आजीनं." "कोणाला दाखवायला?" मुलं हसली. मग एक मुलगी म्हणाली, "दाखवायला नाही केलं, पण दिसतंय तर." त्या दिवशीचा धडा तिनंच शिकवला.

शाळेत परतल्यावर त्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारा. कोणी काढलं, कोणाला विचारून काढलं, किती दिवस राहणार? रांगोळीचं उदाहरण इथे फार कामाला येतं. दारात, रस्त्यावर काढलेली, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी, संध्याकाळपर्यंत पायाखाली जाणारी. रस्त्यावरची कला टिकत नाही आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही, हे मराठी घरातल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

'विचारून' हा मुद्दा मात्र चुकवू नका. फोटो दाखवायला लागलात की मुलं विचारणारच, की बाई, ही माणसं रात्री चोरून का काढतात? खरं ते सांगा. न्यूयॉर्कमध्ये सामान पोचवायचं काम करणारा एक पोरगा जाईल तिथे 'टाकी 183' असं लिहून यायचा. 183 हा त्याच्या रस्त्याचा नंबर. 1971 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं त्याची बातमी केली आणि त्याचं बघून शेकडो पोरं लिहायला लागली. पॅरिसमध्ये ब्लेक ल रा नावाच्या माणसानं 1981 पासून साचे कापून भिंतीभिंतींवर उंदीर छापले. इंग्लंडचा भित्तिचित्रकार बँक्सी तर अजून तोंड दाखवत नाही. हे ऐकलं की वर्गात चैतन्य येतं. नेमकं तेव्हा विचारा, "मग सिंहगडावर दगडात नाव कोरणारा आणि हा टाकी, दोघांत फरक काय?" आमच्याकडे यावर पाऊण तास भांडण चाललं. निकाल लागला नाही आणि मी लावलाही नाही. शेवटी एवढंच सांगितलं, की गडाच्या दगडावरचं कोरणं परत भरून निघत नाही. आणि आपल्या राज्यात मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा 1995 चा कायदा आहे, दुसऱ्याच्या भिंतीला न विचारता हात लावला तर गुन्हा होतो.

त्याला जोडूनच परवानगीनं झालेली कामं दाखवा, नाहीतर मोठं काम चोरूनच होतं असा समज राहतो. मुंबईत 2009 च्या ऑगस्टमध्ये माहीम ते दादर, तुळशी पाईप रोडच्या कडेची रेल्वेची भिंत शेकडो साध्या लोकांनी पालिकेच्या संमतीनं रंगवली. वांद्र्याला एमटीएनएल या टेलिफोन कंपनीच्या इमारतीवर 2014 मध्ये रणजित दहिया यांनी दादासाहेब फाळके काढले. दिल्लीत लोधी कॉलनीच्या सरकारी घरांच्या भिंतींवर 2015 पासून देशोदेशीच्या चित्रकारांनी कामं केली. फाळक्यांचा फोटो दाखवताना खाली उभा असलेला माणूस दाखवायला विसरू नका. चित्र केवढं आहे ते मुलांना माणसावरून कळतं, फुटांवरून नाही.

परवानगीचे कागद मुलांकडून लिहून घ्या. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती, ग्रामपंचायत, आणि रस्ता बांधकाम खात्याचा असेल तर तिकडेही एक अर्ज. पाचवीतल्या मुलीच्या अक्षरातला अर्ज पंचायतीत बाजूला पडत नाही, हा माझा अनुभव आहे. पण कागदापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे भिंतीपाशी ज्यांचा रोजचा वावर आहे त्यांना विचारणं. एका गावी आमच्या भिंतीला टेकून चहाची टपरी होती. मुलं विचारायला गेली तर मालक म्हणाले, "काय पण काढा, पण बाकड्यामागं पांढरं नको. गिऱ्हाईक पाठ टेकतंय." म्हणून बाकड्यामागचे सहा फूट मुलांनी गडद तपकिरी ठेवले आणि तिथे रात्र काढली. चित्रातली सगळ्यात छान जागा तीच झाली.

आणि गोवऱ्यांची आजी. शाळेची भिंत एका टोकाला तिच्या घरासमोर येत होती आणि ऊन तिथेच चांगलं पडायचं. ती भांडायलाच आली. "तुमी रंगवशिला, मग मी शेणी कुठं लावू?" माझ्या मनात आलं, सरपंचांना सांगून मिटवू. मुलांनी परस्पर तोडगा काढला: शेवटचे पाच फूट, खालून चार फूट उंचीपर्यंत, तिचे. तेवढ्या भागाला नुसता मातीचा रंग. चित्रातली वाट नेमकी तिथे येऊन संपायची आणि पुढे खऱ्या गोवऱ्या सुरू व्हायच्या. अशी गोष्ट मी आखून आणू शकलो नसतो.

चित्राची जुळवाजुळव कशी करायची? मतदान घेऊ नका. मतदानात नेहमी डोंगर, त्यामागून उगवणारा सूर्य, नारळाचं झाड आणि तिरंगा निवडून येतात, कारण ती कोणालाच खटकत नाहीत. त्याऐवजी नियम करा, की प्रत्येकाची एक तरी वस्तू भिंतीवर येणारच. प्रत्येक मुलानं आपल्या रोजच्या रस्त्यावरच्या पाच गोष्टी काढायच्या, त्यातली एक कापून घ्यायची. जुनी कॅलेंडरं पाठीमागून चिकटवून 40 इंच लांब, 6 इंच रुंद पट्टी करा, म्हणजे इंचाला एक फूट. ती वर्गात जमिनीवर पसरा आणि कापलेल्या वस्तू तिच्यावर मांडा, हलवा, परत मांडा. इथे खरं भांडण होतं आणि तिथेच गटात काम करायचं शिक्षण होतं. "माझी एसटी तिच्या शेळीपेक्षा मोठी पायजे" यावर दोन मुलं अर्धा तास अडली होती. शेवटी शेळी एसटीच्या टपावर बसली.

सगळ्यांना जोडणारी एक गोष्ट शोधा: वाट, ओढा, विजेची तार, नाहीतर जिकडेतिकडे घुसणारं एखादं कुत्रं. रंग पाचच. पाचांच्या वर गेलात तर लांबून भिंत लग्नाच्या मांडवासारखी दिसते.

हाताचे ठसे उमटवायची कल्पना कोणीतरी सुचवेलच. पहिली-दुसरीच्या मुलांना ठीक आहे. सहावीच्या मुलाला ठसा उमटवायला सांगणं म्हणजे त्याच्यापाशी सांगण्यासारखं काही नाही असं धरून चालणं.

आता भिंत. यात काटकसर करू नका, कारण चित्र टिकतं ते खालच्या थरावर. माझी पहिली भिंत पोस्टर कलरची होती, पहिल्या वळवात गटारात गेली. जुन्या भिंतीवर चुन्याचे पापुद्रे असतील तर पत्रीनं आणि तारेच्या ब्रशनं खरवडून काढा. हे काम मोठ्यांनी करायचं, नाकाला रुमाल बांधून, मुलं नसताना. भेगा बुजवा, पॉलिश पेपर मारा, भिंत धुवून दोन दिवस वाळू द्या. पायाशी ओल चढत असेल, पांढरी खारट पावडर सुटत असेल, तर तो फूटभर पट्टा चित्रातून वगळलेला बरा, तिथे काहीही धरत नाही. नवा गिलावा असेल तर किमान महिनाभर थांबा. मग बाहेरच्या भिंतींसाठीचा प्रायमर एक हात, रात्रभर वाळवून पांढरं एक्सटीरियर इमल्शन, म्हणजे बाहेरच्या भिंतीचा पाण्यात कालवायचा रंग, दोन हात. तुमची भिंत 240 चौरस फूट. गुळगुळीत असेल तर दोन हातांना चार-पाच लिटर पुरतं, खरखरीत असेल तर सहा-सात धरा. मुलांच्या रंगकामाला वेगळं आठ-दहा लिटर लागेल. म्हणजे 20 लिटरची बादलीच घ्या, वीस जणांना विचारून भाव करा. स्टेनर (पांढऱ्यात मिसळून छटा करायचा दाट रंग), ब्रश, प्रायमर धरून माझा हिशोब साधारण आठ हजारांच्या आसपास येतो, गावात कोणाचं रंगाचं दुकान असेल तर कमी.

स्टेनरच्या छोट्या बाटल्यांबद्दल एक सांगून ठेवतो, नाहीतर फसाल. पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर मिसळून फिकट रंग छान होतात, पण गडद होत नाहीत. मुलं बाटलीवर बाटली ओततात आणि ओरडतात, "सर, लाल होतच नाय, गुलाबीच होतोय!" जास्त ओतला की रंगाचा थर कच्चा राहतो, हाताला लागतो. गडद लाल, निळा आणि काळा दुकानातून मशीनवर करून एकेक लिटर आणा. ऑइल पेंट नको, तो टर्पेंटाइनशिवाय हातावरून निघत नाही. स्प्रेचे डबेही या वयाला नकोत, वास आणि फवारा दोन्ही छातीत जातात. स्प्रेची हौस असेल तर जुन्या एक्स-रे फिल्मचे साचे कापा आणि स्पंजच्या तुकड्यानं रंग टिपून लावा. उंदीरवाल्याची गोष्ट सांगितलेली असते, त्यामुळे मुलं यात रंगून जातात.

चित्र मोठं करायला प्रोजेक्टर वापरू नका, असला तरी. त्यानं रेघ गिरवली जाते, काढली जात नाही. गवंडी दोरीला गेरू लावून ताणतात आणि फटका मारतात, तशी फूट-फूट अंतरावर दोरी मारून घ्या. मुलांना हा फटका फार आवडतो, रांग लागते. पट्टीवरही इंच-इंचाचे चौकोन आखा. कुठल्या चौकोनात शेळीचं तोंड येतं, मागचा पाय कुठल्या, एवढं बघून काढायचं.

तरी एक अडचण राहते. वहीची सवय असलेलं मूल भिंतीवरही वहीएवढंच काढतं. दोन फुटांची एसटी काढायची तर हाताएवढी निघते. याला माझा उपाय पाणी. रंगाच्या आधीच्या शनिवारी मुलांच्या हातात मोठे ब्रश आणि पाण्याची बादली द्या आणि दुसऱ्या एखाद्या कोरड्या भिंतीवर नुसत्या पाण्यानं काढू द्या. ओली रेघ गडद दिसते आणि पाच मिनिटांत उडून जाते. चुकलं तरी कोणाला कळत नाही, म्हणून हात सुटतो. मनगट घट्ट ठेवून खांद्यातून रेघ ओढा असं सांगा. भिंतीपुढे लांब उभं राहून काढायला काठीच्या टोकाला कोळसा बांधून द्या. एका घाबरट मुलानं पाण्यानं आख्ख्या भिंतीभर बैल काढला होता. फोटो काढायला मोबाईल शोधेपर्यंत बैल गेला. मुलं म्हणाली, "सर, चरायला गेला."

रंगाच्या दिवशीचा हिशोब सोपा आहे. प्रत्येक मुलाला तीन फूट जागा लागते, म्हणजे एका वेळी बारा-तेराच भिंतीपाशी. 36 चे तीन गट करा. एक गट भिंतीवर, एक रंग कालवायला आणि ब्रश धुवायला, एक रस्त्यापलीकडे. हा तिसरा गट नुसता बसलेला नसतो. लांबून चित्र बघायचं, आणि थांबणाऱ्या माणसाला काय दिसतंय ते विचारून वहीत लिहायचं. चाळीस मिनिटांनी गट बदलायचे. रस्त्याच्या बाजूला काम असल्यानं एक पालक गाड्यांवर नजर ठेवायला लागतोच. उंचीसाठी बाक घ्या, शिडी मात्र मुलांना द्यायची नाही. भिंत पश्चिमेला असेल तर सकाळीच उरका, दुपारनंतर ती इतकी तापते की रंग ब्रशवरच वाळतो. दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

आधी मोठे सपाट भाग, मग वस्तू, सगळ्यात शेवटी गडद बाह्यरेषा. वेगवेगळ्या हातांची चित्रं एकत्र बांधायचं काम ही शेवटची रेघ करते, हे हॅरिंगकडून घेण्यासारखं. पण आपल्या वस्तूची रेघ ज्याची त्यानंच काढायची. सुबक हाताचा एखादा पोरगा असतो, सगळे त्याच्याकडे "माझी पण मारून दे ना" म्हणत येतात. त्याला त्या दिवशी रंग कालवायला बसवा.

आणि तुम्ही. तुमच्या हातात ब्रश नको, फडकं ठेवा. ओघळ पुसायचे, बादल्या भरायच्या. कोणी "बाई, हे बरोबर आलंय का?" विचारलं तर "पलीकडं जाऊन बघून ये" असं सांगायचं. मुलं रस्ता ओलांडून जातात, डोळे बारीक करतात, परत येतात आणि काय चुकलंय ते स्वतःच सांगतात. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी तुम्हाला कुठेतरी थोडंसं नीट करावंसं वाटेल. घरी जा.

एक डोळ्यांची बाब. काही मुलांना, त्यातही मुलग्यांना, लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही आणि घरी कोणाला पत्ताही नसतो. आमच्या एका मुलानं पानं विटकरी रंगवली तेव्हा बाकीचे हसले. तेव्हापासून कालवलेल्या प्रत्येक रंगाच्या डब्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहायचा नियम केला, आणि नावं मुलांनीच द्यायची. 'ओला कौलारू', 'एसटीचा लाल', 'आंब्याच्या कोवळ्या पानाचा', 'शाईसांडी'. वाचून उचलायचं असल्यानं तो मुलगा कधी अडला नाही, आणि नावांची स्पर्धा लागली ती वेगळीच.

काम झाल्यावर भिंतीवर 36 नावं लिहू द्या, सगळ्यांची एकाच आकारात. प्रायोजकाचं नाव चित्रात नको, बाजूला छोटी पाटी करा. पुढे काय होईल तेही सांगतो: दीड-दोन महिन्यांत कोणीतरी वाढदिवसाचं पोस्टर चिकटवेल. ते मुलांच्या आधी तुम्ही काढू नका. आमच्याकडे मुलांनी पोस्टर फाडलं नाही, ज्याचा वाढदिवस होता त्याच्या घरी गेली आणि "दादा, तुमचं पोस्टर आमच्या म्हशीवर लागलंय" म्हणून सांगून आली. दादांनी स्वतः येऊन काढलं. दरवेळी असे दादा भेटतील असं नाही, पण आधी विचारायला जायची सवय मुलांना अर्ज लिहितानाच लागलेली असते.

पोस्टर निघालं तसा खळीबरोबर म्हशीच्या अर्ध्या पाठीचा रंगही निघाला. डागडुजी लागतेच, दर पावसानंतर तर नक्की. म्हणून उरलेला प्रत्येक रंग लोणच्याच्या बाटलीत, वर पाण्याचे दोन थेंब टाकून, झाकण घट्ट लावून, त्याच्या नावानिशी सावलीत ठेवा. आमच्या कपाटात अजून एक बाटली आहे, 'आजीच्या भिंतीचा मातकट'. दिवाळीनंतर ती दोन पोरांना देऊन पाठवतो, कारण गोवऱ्या चार फुटांची हद्द दरवर्षी थोडी थोडी ओलांडतात आणि आजी ते मान्य करत नाही.